बाटली क्रमांक १४

अष्टपादाचा, म्हणजे ऑक्टोपसचा, नर ओळखायचा तर उजवीकडचा तिसरा हात बघायचा. प्राणी ट्रेमध्ये डोळे वर येतील असा ठेवायचा, हात पुढे पसरायचे आणि पाठीच्या मधल्या रेषेपासून उजवीकडे मोजत जायचं: एक, दोन, तीन. बाकीचे सात हात अगदी टोकापर्यंत चोषकांनी, म्हणजे चिकटून धरणाऱ्या पेल्यांनी, भरलेले असतात. नराच्या या एका हाताच्या टोकाला मात्र चोषक नसतात. तिथे चमच्यासारखा एक गुळगुळीत भाग असतो आणि हाताच्या कडेने त्याच्यापर्यंत एक बारीक पन्हळ गेलेली असते. नराची शुक्राणूंची पुडी या पन्हळीतून सरकत जाते आणि हाच हात ती मादीच्या शरीरात पोहोचवतो. माझ्याकडे येणाऱ्या अष्टपादांत हा चमचा जेमतेम काही मिलिमीटरांचा असतो, पण प्रजाती ठरवताना त्याची लांबी, रुंदी, आकार, त्या हातावरच्या चोषकांची संख्या, सगळं मोजावं लागतं. म्हणून या कामात नर सापडला की जीव हरखतो. केवळ मादी हाती असेल तर पुढचं बरंच काम अडून राहतं.

जॉर्ज कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये नेहमीच्या अष्टपादाला ऑक्टोपस व्हल्गॅरिस हे नाव दिलं. याच कुव्हिएला पुढे मादीच्या शरीरात असा एक तुटून राहिलेला हात पाहायला मिळाला आणि तो त्याला परजीवी किडा वाटला. १८२९ मध्ये त्याने त्या ‘किड्या’चं रीतसर नामकरण केलं: हेक्टोकोटायलस, म्हणजे शंभर पेल्यांचा. तो किडा नसून नराचा हात आहे हे नंतर उलगडलं, पण नाव टिकलं. आजही आम्ही नराच्या त्या हाताला हेक्टोकोटायलस म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाचीही नजर फसली होती, याचा मला सुरुवातीच्या काळात फार आधार वाटायचा.

माझं बालपण ठाण्याला, चेंदणीजवळ गेलं. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. घरातल्या डब्यांनासुद्धा त्यांच्या हातची चिठ्ठी असायची: काय आहे, कधी आणलं, कुठून आणलं. नातेवाइकांकडून लोणचं आलं तरी बरणीवर आत्याचं नाव आणि तारीख. हे इथे सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते चिठ्ठीपाशीच येऊन थांबतं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले आणि नेरुळला राहायला आले. तिथल्या प्राणिसंग्रहात एक जुनी काचेची बरणी होती. आत फिकट पडलेला, वेटोळं झालेला एक अष्टपाद, वर चिकटवलेल्या कागदावर एकच शब्द, ‘ऑक्टोपस’. गाव नाही, साल नाही, कुणी आणला ते नाही. प्रात्यक्षिकाला दर वर्षी तोच बाहेर काढायचा, मुलांनी आकृती काढायची, परत कपाटात. एकदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, ही कुठली प्रजाती?” जगात अष्टपादांच्या सुमारे ३०० प्रजाती आहेत. बरणीतली त्यांतली कुठली हे मला सांगता आलं नाही. आपल्या किनाऱ्यावर कुठल्या सापडतात हेही सांगता आलं नाही. सुट्टीत बघून सांगते म्हटलं, आणि त्या सुट्टीपासून हे काम माझ्यामागे लागलं ते आजतागायत.

पहिली धाव दिवाळ्याच्या मासळी बाजारात. सीबीडी बेलापूरला लागून असलेल्या या कोळीवाड्यात मी मासळी घ्यायला जायचेच. एका मावशीचा माल पहाटे भाऊच्या धक्क्यावरून टेम्पोने यायचा. माकुळाच्या ढिगात अधूनमधून एखादा अष्टपाद असायचा, तो ती बाजूला टाकायची. “आठ हातांचं माकूळ” म्हणायची त्याला. आपल्याकडे तो फारसा कुणी खात नाही. मी मागितला तेव्हा तिने पैसे घेतले नाहीत. “काय करशील गो बाय नेऊन याचा?” एवढंच विचारलं. नाव शोधणार आहे म्हटल्यावर तिला ते कामच पटलं, आणि नंतर कित्येक महिने ती माझ्यासाठी वेगळी पिशवी भरून ठेवायची.

ठाण्याची खाडी दाराशी असताना अष्टपाद धक्क्यावरून कशाला आणायचे, असं विद्यार्थी विचारतात. खाडीत निवट्या मिळतात, चिंबोऱ्या मिळतात, कालवं मिळतात. पण पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होत जातं, आणि अष्टपादाला पाण्यातला मिठाचा उतार सोसत नाही. त्याला खरं समुद्राचं पाणी लागतं. हिवाळ्यात खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला अख्खं शहर लोटतं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला, त्याचा मला आनंदच आहे. पण माझा प्राणी खाडीच्या तोंडाबाहेर, ट्रॉलरच्या जाळ्यात येणारा.

आणि तो जाळ्यात आला की थेट निर्यातीच्या वाटेला लागतो. म्हणून मग मी तळोजा एमआयडीसी गाठली. तिथल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याच्या मालकांनी, महाविद्यालयाचं पत्र बघून, आठवड्यातून एक सकाळ आत यायची परवानगी दिली. गमबूट, डोक्याला जाळी, हातमोजे, आणि पायापासून हाडापर्यंत चढणारी थंडी. लांब स्टीलच्या टेबलांवर बायका वजनावारी प्रतवारी करतात. त्यांचा हात इतका जलद चालतो की माझी नजर पोहोचेपर्यंत क्रेट पुढे गेलेला असतो. साफ केलेला अष्टपाद हात बाहेरच्या बाजूला वळवून फुलासारखा गोठवतात, त्याला तिथे ‘फ्लॉवर’च म्हणतात. साफ करणं म्हणजे पोटातलं सगळं काढणं, चोच काढणं, डोळे काढणं. आणि मला हवं असतं ते नेमकं त्यातच: कल्ले, शाईची पिशवी, अंडाशय, चोचीतल्या दातांची पट्टी. त्यामुळे साफसफाईच्या टेबलाआधी, बर्फातून काढल्या काढल्या, प्राणी उचलावा लागायचा.

ही २०१२-१३ ची गोष्ट. प्राणी प्रयोगशाळेत आणायचा, पाण्याने शेंबूड धुऊन काढायचा, हात सरळ पसरायचे, टाकणखार घालून आम्लता मारलेल्या दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा. पंखा चालू, खिडक्या उघड्या, तरी डोळ्यांतून पाणी. काही दिवसांनी तो कडक झाला की धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. हात वेडेवाकडे असताना फॉर्मेलिनमध्ये पडले तर नंतर सरळ होत नाहीत आणि मापं घेता येत नाहीत, म्हणून पहिला अर्धा तास तिथून हलायचं नाही. रंग तर पहिल्याच दिवशी उडायला लागतात. त्वचेवरचे ठिपके, रेषा, कड्या, सगळं करड्या-पिवळ्यात विरघळून जातं. फोटो ताजेपणीच काढून ठेवायला हवेत हे मला फार उशिरा उमगलं.

तेरा बाटल्या एका वळणाच्या होत्या. लहान, तळहातात मावेल एवढं धड, आणि डोळ्यांच्या खाली, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या मुळाशी, दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग. डागाच्या आत एक बारीक चमकदार कडी. शत्रूला वाटावं की हे मोठे डोळेच आहेत. ताज्या नमुन्यात ती कडी निळसर दिसायची आणि दिवसाभरात नाहीशी व्हायची. अशा डागवाल्यांचा अँफिऑक्टोपस नावाचा गट आहे. पण त्याच गटात डाग नसलेलेही आहेत. वाळूतला एजायना घ्या, किंवा नारळाच्या करवंट्या बरोबर वाहून नेणारा मार्जिनेटस. करवंटी आडोशासाठी उचलून नेणाऱ्या या मार्जिनेटसवर २००९ मध्ये शोधनिबंध आला, तेव्हा अष्टपादही साधन वापरतो म्हणून बरीच चर्चा झाली होती.

माझ्या तेरा बाटल्यांना मात्र जुन्या भारतीय याद्यांतलं एकही नाव नीट बसेना. मनात यायला लागलं की हे नवीन तर नाही? २०१५ मध्ये केरळ विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या मार्क नॉर्मन यांच्यासोबत आपल्याच नैऋत्य किनाऱ्यावरून सिस्टोपस प्लॅटिनॉइडस ही नवी प्रजाती जाहीर केली. सिस्टोपस ओळखायची खूण सुंदर आहे: हातांच्या मधल्या पडद्यात, मुळाशी, छोट्या छोट्या पिशव्या असतात आणि त्यांची तोंडं शोधून काढावी लागतात. निबंध वाचून मी माझ्या सगळ्या बाटल्या उघडून पडदे तपासले. पिशव्या नव्हत्या. पण बाजारात रोज येणाऱ्या प्राण्यातही अजून नाव नसलेलं काही सापडू शकतं, हे डोळ्यांसमोर घडलं होतं. त्या वर्षी मी झपाटल्यासारखी मोजत होते.

मोजणं म्हणजे काय, ते सांगते. डोळ्यांच्या मध्यापासून धडाच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी हे मूळ माप, कारण अष्टपादाच्या शरीरात तेवढंच थोडं भरवशाचं. हात रबरासारखे, ओढाल तसे लांब होतात. म्हणून प्रत्येक माप या धडाच्या लांबीच्या प्रमाणात लिहायचं. पडद्याची खोली पाच ठिकाणी. सगळ्यात मोठ्या चोषकाचा व्यास. प्रत्येक हातावरचे चोषक, आणि तेही टोकाकडे इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक सरकवत मोजायचे. कल्ल्याच्या पाकळ्या, डावीकडच्या आणि उजवीकडच्या. एकदा एका बाजूला सात भरल्या आणि दुसऱ्या बाजूला आठ, तर तीन दिवस मी तोच कल्ला पुनःपुन्हा मोजत होते. शेवटी दोन्ही आकडे लिहून ठेवले. प्राण्यातच फरक होता.

मग कागदपत्रं. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियम असा की १७५८ पासून आजवर जे पहिलं नाव रीतसर छापलं गेलं असेल ते खरं. नवीन नाव द्यायचं तर आधी कुणी दिलेलं नाही याची खात्री तुम्ही करायची. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच वर्णनं, ब्रिटिश म्युझियममधल्या रॉब्सन यांचं १९२९ ते १९३२ मधलं काम, जपानी, थाई, ऑस्ट्रेलियन निबंध. जुन्या वर्णनांत चारचार ओळीच असतात: “लहान, तपकिरी, त्वचा खडबडीत.” समुद्रातले निम्मे अष्टपाद त्यात बसतील. मूळ नमुना जगातल्या कुठल्या संग्रहात आहे, आहे की हरवला, तोही शोधावा लागतो. मी एका परदेशी जाणकारांना फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात अभिप्राय नव्हताच, सगळे प्रश्नच होते. कडीची जाडी किती? ताजेपणी रंग कोणता? किती नर? किती पक्व माद्या? किती खोलीवरून? त्या पत्राची प्रत मी आजही प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावून ठेवली आहे.

२०१७ मध्ये ताज्या नमुन्यांच्या हाताचे छोटे तुकडे मी थेट तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवायला लागले, कारण फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या मांसातून डीएनए नीट निघत नाही. त्यातल्या एका ठरावीक जनुकाचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा वाचून घ्यायचा आणि सार्वजनिक साठ्यातल्या नोंदींशी ताडून बघायचा. माझा क्रम एका नावाखालच्या नोंदीशी जवळजवळ शंभर टक्के जुळला. खाली बघते तर दुसऱ्याच नावाखालच्या नोंदीशीही तितकाच. म्हणजे ते देणाऱ्यांपैकी कुणीतरी प्राणी चुकीचा ओळखला होता. डीएनए खोटं बोलत नाही म्हणतात, पण त्यावरची चिठ्ठी माणसानेच लावलेली असते. पुन्हा बाटल्यांकडे, पुन्हा चोषकांकडे.

उत्तर शेवटी थायलंडच्या एका निबंधात मिळालं. १९९९ मध्ये नटीवतना आणि नॉर्मन यांनी थाई समुद्रातून तीन नवे अष्टपाद जाहीर केले होते. त्यांतल्या एकाचं नाव निग्लेक्टस. डाग, कडी, नराच्या हातावरचे चोषक, चमच्याचं प्रमाण, एकेक करत सगळं जुळत गेलं. भारतीय याद्यांत ज्याला पूर्वी मेम्ब्रॅनेशियस म्हटलं जायचं त्यातला बराच माल हाच आहे, हे आपल्या मत्स्यसंशोधकांनीही लिहिलेलं होतं. माझे तेराच्या तेरा तोच. निग्लेक्टस म्हणजे लॅटिनमध्ये दुर्लक्षित.

त्या रात्री मी घरी काही बोलले नाही. सहा वर्षं झाली होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, नाव मिळालं. तो अभिनंदन म्हणाला आणि मला रडू आलं. पण दोन-तीन दिवसांनी वेगळंच वाटायला लागलं. मुंबईजवळच्या समुद्रातला हा प्राणी आता मी डोळे मिटून ओळखू शकत होते. त्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. नक्कलबाज अष्टपाद, जो कधी समुद्रसापासारखा तर कधी चपट्या माशासारखा होऊन दाखवतो, तो १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळ दिसला आणि त्याला थॉमॉक्टोपस मिमिकस हे नाव मिळालं २००५ मध्ये. जगातल्या सगळ्यात अनुभवी लोकांना सात वर्षं लागली. मला एका आधीच नाव असलेल्या प्राण्यापर्यंत पोहोचायला सहा लागली, तर त्यात वावगं काही नव्हतं.

आता बाटली क्रमांक १४.

तीही २०१३ च्या फेब्रुवारीत तळोजाहून आलेली. डाग, कडी, आकार तसाच, म्हणून तेरांच्या रांगेत ठेवलेली. मादी होती. नरांची मापं आधी पुरी करायची म्हणून माद्या मी शेवटी उघडणार होते. २०१८ मध्ये, तेरा बाटल्या पुण्याच्या सरकारी प्राणिसंग्रहाला द्यायची तयारी करताना, एकेक मादी उघडून अंडाशय तपासत होते. निग्लेक्टसच्या पक्व माद्यांत माझ्याकडे जी अंडी होती ती जिऱ्याहूनही बारीक. चौदाव्या बाटलीतल्या मादीचं धड उघडलं आणि चिमटा हातातच राहिला. आत भाताची शितं भरावीत तशी अंडी होती. लांबट, पांढरट, मोजकी, प्रत्येक दाणा सुटा दिसेल एवढा.

हा फरक लहान नाही. बारीक अंड्यांतून निघालेली पिल्लं काही काळ प्रवाहाबरोबर पाण्यात तरंगत राहतात, दूरदूर पसरतात. मोठ्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू थेट तळावर उतरतं आणि जन्मल्या जागेच्या आसपासच राहतं. म्हणून अंड्याचा आकार इतका वेगळा असला तर एकच प्रजाती म्हणताना हात थबकतो. जपान-चीनकडे याच गटातला एक डागवाला अष्टपाद आहे, फांगसियाओ. त्याची अंडी अशीच भातासारखी, म्हणूनच जपानीत त्याला ईदाको, भाताचा अष्टपाद, म्हणतात. माझी मादी ती होती का? ती इथे कशी येईल? का आणखी कुणी?

मी नोंदवही काढली. क्रमांक १४ समोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: “तळोजा, फेब्रुवारी २०१३, मादी.”

बस. एवढंच. तळोजात अष्टपाद राहत नाहीत. तिथे करंजाचा माल येतो, रत्नागिरीचा येतो, गुजरातमधून वेरावळचाही येतो. क्रेटवर बंदराची खूण असते. मी ती लिहिली नव्हती. त्या सकाळी विचारलं असतं तर प्रतवारी करणाऱ्या बाईंनी सांगितलं असतं, एका वाक्यात. पाच वर्षांनंतर मी त्या कारखान्यात गेले, मालकांनी आपुलकीने जुनी रजिस्टरं काढून दाखवली. त्या आठवड्यात तीन बंदरांचा माल आला होता.

आणि तुकडा? २०१३ मध्ये मी अल्कोहोलमध्ये तुकडे ठेवत नव्हते. ती पूर्ण मादी फॉर्मेलिनमधून गेलेली. दोनदा प्रयत्न केला, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत, वाचण्याजोगं काही निघालं नाही. नर नाही, म्हणजे हेक्टोकोटायलस नाही. ताजेपणीचा फोटो नाही, म्हणजे कडीचा रंग नाही. जागा नाही. एका मादीवरून, जागा माहीत नसताना, प्रजातीचं वर्णन कुणी करू नये. नियमाने कदाचित करता येईलही. पण पुढच्या माणसाला ती पुन्हा शोधायची तर तो कुठे जाणार? महाविद्यालयाच्या कपाटातल्या त्या ‘ऑक्टोपस’ लिहिलेल्या बरणीसमोर मी सतरा-अठराव्या वेळेला उभी राहिले तेव्हा मला बाबांच्या लोणच्याच्या बरण्या आठवल्या. बाबा तेव्हा होते. त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “चिठ्ठी वस्तू ठेवायच्या आधी लिहायची. नंतर आठवत नाही.”

तेरा बाटल्या मी पुण्याला आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात दिल्या. ही संस्था १९१६ पासून देशाचा प्राणिसंग्रह सांभाळते आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा अधिकृत भांडारांची सोय केली आहे, आणि नवी प्रजाती सापडली तर तिची माहिती कळवणं आणि नमुना तिथे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. माझे नमुने नवे नव्हते, तरी ते माझ्या कपाटात राहण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक बाटलीत आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि वर्षभरात कागद कोरा होतो. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते. आत, पेन्सिलने, हेच टिकतं. चौदावी बाटली मी अजून दिलेली नाही. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: अँफिऑक्टोपस, प्रजाती अनिश्चित.

तेव्हापासून मी कारखान्यात जाणं थांबवलं आणि बंदरावर जायला लागले. उरणजवळच्या करंजा बंदरात एक नाखवा ओळखीचे झाले, त्यांनी आणखी तिघांची गाठ घालून दिली. मी त्यांना जाड कागदाचे छापील तक्ते दिले: तारीख, जीपीएसचे आकडे, किती वावांवर जाळं ओढलं, तळ चिखलाचा की वाळूचा. सुरुवातीला कुणी भरायचं नाही. माशांची जागा सांगायची म्हणजे आपलं पोटच उघडं करायचं, आणि त्यांची भीती अगदी रास्त होती. मी शब्द दिला की आकडे तसेच्या तसे कुठे छापणार नाही, आणि तो पाळला. मग एका तांडेलाने भरायला सुरुवात केली. त्याचं अक्षर सुंदर आहे. खोली तो वावांतच लिहितो, मी घरी येऊन मीटर करते.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. त्या महिन्यांत मी जुन्या मापांवर बसून होते. ऑक्टोपस व्हल्गॅरिस या एका नावाखाली जगभरचे जे अष्टपाद घातले गेले होते ते आता एकेक करून वेगळे काढले जात आहेत. पूर्व आशियातला सायनेन्सिस वेगळा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला जिंदा २०२१ मध्ये वेगळा झाला. हे वाचताना मी दर वेळी कपाटाकडे बघायचे. माझ्या निग्लेक्टसमध्येही पुढे कुणी दोन काढू शकेल. म्हणून मी मापं जपून ठेवते, सगळी, सरासरी काढून कच्ची मापं फेकून देत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये नेरुळची लोकल उरणपर्यंत सुरू झाली आणि माझं जाणं सोपं झालं. आता थर्मासचा डबा, बर्फ, छोट्या अल्कोहोलच्या बाटल्या आणि पेन्सिल घेऊन नेरुळहून गाडीत बसते. ३१ जुलैला मासेमारीबंदी उठते, बोटी बाहेर पडतात, आणि परत यायला लागल्या की मी बंदरावर असते. आता आधी चिठ्ठी लिहिते, मग प्राण्याला हात लावते.

गेल्या हंगामात एका दुपारी तांडेलाचा फोन आला. “बाय, अंडीवाली आली हाय. वेगली दिसते. बर्फात ठेवलीय, सगला लिवलाय.” मी तास बदलून घेतला आणि निघाले. त्याने मादी वेगळ्या पिशवीत ठेवली होती, तक्ता प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर बांधला होता. डाग दोन्ही बाजूंना. कडी अजून निळी होती. तिथेच उजेडात फोटो काढले, हाताचं टोक कापून अल्कोहोलमध्ये टाकलं. धड फुगलेलं होतं, पोटात अंडी होती हे बाहेरूनच कळत होतं. उघडायची घाई केली नाही. नेरुळला येऊन, हात पसरून, रात्रभर कडक होऊ दिली. दोन दिवसांनी धुतली आणि कात्रीने धड पोटाच्या बाजूने उघडलं.

अंडी जिऱ्याहून बारीक होती.

मी ती मोजली. वीस अंडी, सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक. चोषक मोजले, कल्ल्याच्या पाकळ्या मोजल्या. मग चिठ्ठी पुन्हा वाचून बघितली, प्राण्याबरोबर बाटलीत सोडली आणि झाकण लावलं.

क्रमांक ६१. करंजा. २२ वाव, चिखल. मादी, पक्व. अँफिऑक्टोपस निग्लेक्टस.